फ्रिजवर लावलेले कात्रण

वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

"मी नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेला ६७ वर्षांचा गृहस्थ आहे. पत्नीच्या निधनाला चार वर्षे झाली. मुलगा अंबडच्या एका कारखान्यात पाळीने काम करतो, सून सातपूरला एका खासगी कंपनीत हिशेब विभागात आहे. तिचे वय ३३, नात पाच वर्षांची. दुसरे मूल नको, असे दोघांनी ठरवले आहे. बाळंतपणाच्या रजेनंतर आपली बढती हुकली, असे सून म्हणते. आम्ही सहा भावंडे होतो, मला दोन मुले, मुलाला एकच. हल्ली रोज वाचतो की देशाचा जन्मदर घसरला, तरुण कमी होणार, म्हाताऱ्यांना कोण पोसणार. मोठमोठे नेतेही जास्त मुले होऊ द्या म्हणतात. तसा एक लेख कापून मी फ्रिजवर लावला, तेव्हापासून सून माझ्याशी मोजकेच बोलते. हे संकट खरे आहे का? असेल तर वडीलधाऱ्याने मुलांना समजावणे चूक आहे का? आणि एकुलत्या एक नातीचे आमच्या माघारी कसे होणार? वंशाचा दिवा हवाच असा माझा हट्ट मुळीच नाही. पण घरात एक नातू असता तर बरे वाटले असते, हेही खोटे नाही."
— एक आजोबा, जेल रोड, नाशिकरोड

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचताना मी थोडी ओशाळले, आणि त्याचे कारण आधी सांगायला हवे. मी १९७९ साली आरोग्यसेविका म्हणून आपल्या जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात रुजू झाले आणि पुढची अठ्ठावीस वर्षे जे काम केले, त्याचा मोठा भाग लोकांना मुले थांबवायला सांगण्याचा होता. 'पाळणा लांबवा, पाळणा थांबवा' हे शब्द गावोगावच्या भिंतींवर आम्हीच रंगवून घेतले. मार्चअखेर जवळ आली की शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट गाठण्यासाठी धावपळ सुरू होई, आणि 'अजून दोन केसेस कमी पडतात' हे वाक्य आम्ही धान्याच्या पोत्यांबद्दल बोलावे तसे बायकांबद्दल बोलत असू. त्या काळात एका बाईला मी तिसऱ्या बाळंतपणानंतर काही दिवसांतच शस्त्रक्रियेसाठी नेले. तिची इच्छा आहे का, हे मी तिला विचारले नव्हते. तिच्या सासऱ्यांना विचारले होते. आज एक सासरे मला उलट्या बाजूने तोच प्रश्न विचारत आहेत, म्हणून उत्तर देताना जरा जपून लिहिते आहे.

तुमचा पहिला प्रश्न, संकट खरे आहे का. वर्तमानपत्रे ज्याला सरसकट जन्मदर म्हणतात, तो बहुतेक वेळा एकूण प्रजनन दर असतो, म्हणजे एका स्त्रीला तिच्या आयुष्यात सरासरी किती मुले होतील याचा अंदाज. हा आकडा २.१ असला तर एक पिढी साधारण तेवढ्याच दुसऱ्या पिढीला जागा करून देते. आईबापांच्या जागी दोन, आणि वरचा अंश यासाठी की काही मुली प्रजननाच्या वयापर्यंत पोहोचत नाहीत आणि मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्त जन्मतात. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्याकडे हा आकडा सहाच्या आसपास होता, म्हणजे तुमची सहा भावंडे हे त्या काळाचे अगदी सरासरी घर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या १९९२-९३ च्या पहिल्या फेरीत देशाचा आकडा ३.४ निघाला आणि २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत २.०. महाराष्ट्राचा आकडा याच काळात २.९ वरून १.७ वर आला. तेव्हा घसरण खरी आहे, जुनी आहे, आणि महाराष्ट्रात ती देशाच्या पुढे आहे. बिहारमध्ये पाचव्या फेरीतही तीन होता, पण तिथेही तो उतरणीलाच आहे.

मात्र दर घसरला म्हणजे माणसे लगेच कमी झाली, असे होत नाही. आज आई होण्याच्या वयात असलेल्या मुली त्या काळात जन्मल्या, जेव्हा घरटी तीन-चार मुले होती. त्या संख्येनेच इतक्या आहेत की प्रत्येकीने दोन किंवा एकावर थांबूनही देशात वर्षाला सुमारे २ कोटी ३० लाख मुले जन्मतात. म्हणून दर २.१ च्या खाली येऊनही २०२३ मध्ये आपण लोकसंख्येत चीनला मागे टाकले, आणि संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे आपली संख्या २०६० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे १७० कोटींपर्यंत चढून मगच उतरू लागेल. दक्षिण कोरियाची गोष्ट वेगळी आहे. तिथे हा दर २०२३ मध्ये ०.७२ होता आणि त्या वर्षी साऱ्या देशात मिळून सुमारे २ लाख ३० हजार बाळे जन्मली. कोरियाच्या बातमीचे शीर्षक नाशिकच्या घरावर चिकटवले की घबराट उडणारच.

अडचण माणसांच्या संख्येपेक्षा वयांच्या प्रमाणात आहे, आणि तिथे तुमची काळजी रास्त आहे. पासष्टीपुढच्या लोकांचे प्रमाण सातवरून चौदा टक्क्यांवर जायला फ्रान्सला शंभराहून अधिक वर्षे लागली, जपानला सुमारे पंचवीस. आपल्याला ते अंतर तीन दशकांच्या आतबाहेर कापायचे आहे, आणि तेही फ्रान्स किंवा जपानइतकी पुंजी गाठीशी नसताना. तुम्हाला निवृत्तिवेतन मिळते. ते कुठल्या पेटीत साठवून ठेवलेले नसून आज नोकरी-धंदा करणाऱ्यांच्या करांतून येते, आणि करदाते कमी व निवृत्त जास्त झाले की ते गणित ताणते, हे तुम्ही हिशेबी माणूस म्हणून ओळखालच. पण निदान तुम्हाला ते आहे. सातपूरच्या शेडमध्ये रोजंदारीवर तीस वर्षे काढलेल्या कामगाराला, निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत छाटणी-काढणीसाठी पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या मजूर बाईला म्हातारपणी मुलांखेरीज दुसरा आधार नाही. मूल हेच ज्यांचे निवृत्तिवेतन, त्यांच्या घरातही आता दोनच मुले आहेत. माझ्या मते खरा प्रश्न हा आहे, आणि तो आणखी मुले जन्माला घालून सुटण्यापेक्षा वृद्धांसाठी निवृत्तिवेतन, दवाखाने आणि शुश्रूषेची माणसे उभी करून अधिक लवकर सुटेल. कारण आज जन्मलेले मूल कमावते व्हायला किमान बावीस वर्षे लागतात, आणि तोवर तेही इतरांच्याच जिवावर असते.

नेत्यांचेही थोडे लिहिते. आंध्रचे चंद्राबाबू नायडू आणि तमिळनाडूचे स्टालिन यांनी २०२४ मध्ये जास्त मुलांची भाषा केली, त्यामागे म्हातारपणाइतकीच मतदारसंघांची चिंता आहे. लोकसभेच्या राज्यवार जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेल्या आहेत. ते गोठवणे उठून जागा नव्या लोकसंख्येप्रमाणे वाटल्या तर ज्यांनी कुटुंब नियोजन नीट राबवले, त्यांचाच वाटा घटेल, ही दक्षिणेची तक्रार आहे आणि ती बिनबुडाची नाही. पण जागांचा तिढा संसदेने सोडवायचा असतो, बाळंतिणीच्या खोलीत नव्हे. २०२४ च्याच डिसेंबरात नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत यांनीही दोनहून जास्त, म्हणजे तीन मुले असावीत असे म्हटले. आता गंमत पाहा: आपल्याच राज्याने १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्यांना ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतून अपात्र ठरवले आणि २००५ च्या लहान कुटुंबाच्या नियमांनी अशा उमेदवारांना सरकारी नोकरीचे दार बंद केले. आंध्राने स्थानिक निवडणुकांतली अशी अट नोव्हेंबर २०२४ मध्ये काढून टाकली. एकाच आयुष्यात माणसाने आधी 'दोन किंवा तीन पुरेत', मग 'हम दो हमारे दो', मग 'तिसरे झाले तर सरपंचपद नाही' आणि आता 'तीन तरी होऊ द्या' हे सारे ऐकावे, आणि दर वेळी ते देशहितच असावे!

या उलटसुलट उपदेशांचा इतिहास मी तुमच्यापुढे जरा विस्ताराने ठेवते, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हा त्यांचे म्हणणे इतकेच होते की किती मुले व्हावीत हे बाईच्या शरीराचा आणि सुखाचा विचार करून ठरावे. त्यासाठी त्यांनी नोकरी आणि लोकांची मर्जी दोन्ही गमावले. सरकारने १९५२ मध्ये कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला तो मात्र देशाच्या हिशेबाने. आणि देशाचा हिशेब घरात शिरला की काय होते, ते आणीबाणीत दिसले. १९७६-७७ या एका वर्षात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक देशात पहिल्यांदा संमत केले ते आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही, एवढेच. त्या सक्तीने जन्मदरापेक्षा विश्वासच जास्त घटला. पुरुष त्या शस्त्रक्रियेपासून असे पळाले की पाचव्या सर्वेक्षणात नसबंदी केलेल्या स्त्रियांचे प्रमाण जवळपास ३८ टक्के आणि पुरुषांचे ०.३ टक्के आहे. एप्रिल १९९६ पासून सरकारने शस्त्रक्रियांची उद्दिष्टे देणे बंद केले, आणि दर त्यानंतरही खालीच येत राहिला. माझ्या भागात ज्या आयांनी माझ्या भाषणांना दाद दिली नाही, त्यांच्या मुलींनी दहावी झाल्यावर मला न विचारता दोनवर थांबायचे ठरवले. शाळा, उशिरा झालेले लग्न, आणि जन्मलेले मूल जगेल याची खात्री, या तीन गोष्टींनी जे केले ते आमच्या मार्चअखेरीला जमले नव्हते.

उलट दिशेची सक्तीही करून झाली आहे. रुमेनियात १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी आली, दुसऱ्या वर्षी जन्म जवळजवळ दुप्पट झाले, आणि काही वर्षांत दर पुन्हा उतरला. मागे राहिल्या त्या चोरून केलेल्या गर्भपातांत दगावलेल्या हजारो बायका आणि अनाथालयांत टाकलेली मुले. चीनने पस्तीस वर्षे एकाच मुलाची सक्ती केली, २०२१ मध्ये तीन मुलांना परवानगी दिली, आणि २०२२ पासून त्याची लोकसंख्या घटू लागली. सरकार एवढी सत्ता वापरूनही बायकांकडून मुले मिळवू शकत नसेल, तर फ्रिजवरच्या कात्रणाला ते कसे साधावे?

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर: देशाच्या नावाने समजावणे चूक आहे. घरात बोलणेच चूक आहे, असे मात्र मी म्हणत नाही. फक्त दुसरे मूल का नको, हे त्यांना विचारण्यापूर्वी त्यांचा दिवस कसा जातो ते एकदा पाहा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातल्या बिनमोबदला कामावर बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटे आणि पुरुष ८८ मिनिटे घालवतात, असे निघाले. तुमच्या सूनबाई सकाळी दोन डबे करून, मुलीला तयार करून जेल रोडवरून सातपूर गाठतात, म्हणजे शहराचे एक टोक ते दुसरे. मुलाची पाळी रात्रीची असेल त्या आठवड्यात घरातली तिसरी पाळीही त्यांचीच. बढती हुकल्याचे तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात; मला ते साऱ्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य वाटले. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. हेतू उत्तम. पण कर्मचारी राज्य विमा योजनेच्या कक्षेबाहेरच्या नोकरीत त्या रजेचा पगार सर्वस्वी मालकाच्या खिशातून जातो, आणि मग तरुण बाईला घेताना किंवा वर चढवताना मालक मनात कोणता आकडा मांडतो हे वेगळे सांगायला नको. खासगी नोकरीतल्या बापाला तर अशा रजेचा हक्कच नाही, म्हणून मूल झाल्याची किंमत एकटीच्या खात्यावर पडते. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२५ मध्ये चौदा देशांतल्या लोकांना मनाजोगी मुले न होण्याची कारणे विचारली, तेव्हा भारतातल्या ३८ टक्के लोकांनी पैशाची अडचण सांगितली. घर, नोकरीची अशाश्वती आणि मूल सांभाळायला भरवशाचे कोणी नसणे, ही त्याखालोखालची कारणे होती. शाळेच्या बसचे पैसे आणि घराचा हप्ता भरणाऱ्या कोणालाही हे परके वाटणार नाही.

यावर कोणी म्हणेल की स्वीडनमध्ये आईबापांना मिळून ४८० दिवसांची रजा असते, त्यातले नव्वद दिवस बापाने घेतले नाहीत तर बुडतात, तरी तिथला दरही आता दीडच्या खाली गेला आहे. बरोबर आहे. सोयी दिल्या की मुले होतातच, असे वचन मीही देणार नाही. काही जोडप्यांना मनापासून एकच हवे असते, काहींना एकही नको असते, आणि ती त्यांची निवड आहे. पण ज्यांना दुसरे हवे होते आणि परवडले नाही, त्यांच्यासाठी तरी दार उघडते.

आता एक कटू गोष्ट. पत्राच्या शेवटी तुम्ही 'नातू' लिहिले आहे, 'नातवंड' नव्हे. पहिली मुलगी नसून मुलगा असता, तर देशाचा जन्मदर तुम्हाला इतका बोचला असता का, हे स्वतःला विचारून पाहा. मला उत्तर कळवू नका. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या आणि २०११ मध्ये ८९४. लिंगनिदानाला बंदी करणारा केंद्राचा कायदा १९९४ चा असूनही. कुटुंब लहान झाले, पण त्यात मुलगा असावा ही अट लहान झाली नाही, याचा हा पुरावा आहे. सूनबाईंनी तुमचे कात्रण वाचताना त्यात हीच अट वाचली असण्याचा दाट संभव आहे. तुमच्या मनात तसे नसेलही, पण दुसऱ्या वेळी मुलगीच झाली तर तुमचा चेहरा कसा होईल, याचा अंदाज घरातल्या बाईला आधीच असतो.

आणखी एक शक्यता तुम्ही मनात आणलेली दिसत नाही. 'नको' म्हणणाऱ्या सगळ्याच जोडप्यांना नको असते असे नाही. गर्भ राहत नसतो, राहून गेलेला असतो, डॉक्टरांनी सबुरीने घ्यायला सांगितलेले असते, आणि सासऱ्यांना हे सांगण्यापेक्षा 'आम्ही ठरवले आहे' म्हणणे सोपे जाते. संततीच्या आशेने त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करायला देशभरातून जोडपी येतात, आणि आपल्या शहरात वंध्यत्वावर उपचार करणारे दवाखाने थोडे नाहीत. तिथे रांगेत बसलेल्यांपैकी अनेकांनी घरी काहीच सांगितलेले नसते. तुमच्या घरी असेच आहे असे माझे म्हणणे नाही. पण असू शकते, एवढे लक्षात ठेवले तरी नातेवाइकांदेखत हा विषय काढण्याचे तुम्ही टाळाल.

तुम्ही काय करू शकता ते सांगते. तुमच्याकडे निवृत्तिवेतन आहे, तब्येत बरी दिसते, आणि सकाळ मोकळी आहे. नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडणे आणि दुपारी उतरवून घेणे, तिला जेवू घालणे, आणि स्वयंपाकघरातले एखादे काम कायमचे अंगावर घेणे, हे जाहीर न करता सुरू करा. 'मदत' हा शब्द वापरू नका, कारण मदत नेहमी दुसऱ्याच्या कामात करतात. मुलाशी बोलायचे असेल तर मुलांच्या संख्येविषयी बोलू नका. पहिल्या पाळीच्या आठवड्यात तो घरी चारला येतो, मग संध्याकाळचा स्वयंपाक तोवर का थांबलेला असतो, हे विचारा. वडिलांनी मुलाला हे विचारण्याची रीत आपल्याकडे नाही, म्हणून ते अवघड जाईल. हे सारे दुसऱ्या मुलाच्या आशेने करायचे नाही, हे मात्र पक्के धरा. सूनबाई हुशार आहेत, तसा वास आला तर त्या तुमच्या हातचा चहाही घेणार नाहीत.

नातीचे माघारी कसे होणार, या तिसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे फारसे मोठे उत्तर नाही. तुम्हा सहा भावंडांपैकी आजारपणात उशाशी कितीजण बसतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. एकुलत्या मुलीवर पुढे दोन म्हाताऱ्यांचा भार पडेल हे खरे. तो हलका करायचा असेल तर तुमच्या मुलाने आणि सुनेने आजपासून स्वतःच्या उतारवयाची तजवीज करावी, आरोग्य विमा घ्यावा, आणि घर, ठेवी यांची कागदपत्रे नातीच्या नावाची नोंद घालून नीट लावावीत. यात तुमचा अनुभव त्यांच्या कामी येईल, आणि तो सल्ला त्यांना खटकणारही नाही.

बायको गेल्यापासून घर रिकामे वाटते, असे तुम्ही कुठेही लिहिलेले नाही, तरी ते मला प्रत्येक ओळीत दिसले. तो एकटेपणा देशाच्या जन्मदराच्या नावावर मांडू नका. एखाद्या संध्याकाळी मुलाला आणि सूनबाईंना समोर बसवून, 'मला करमत नाही' एवढेच म्हणा. लेखापेक्षा ते त्यांना लवकर कळेल.

कात्रण मात्र आजच काढा. का काढले हे सूनबाईंना सांगण्याची गरज नाही. त्या दिवसातून दहा वेळा फ्रिज उघडतात.